गिटारचे पिकअप: सिरीज, पॅरलल, स्प्लिट, फेज... यातलं खरंच काय ठेवावं?

तिसरी_फ्रेट

नमस्कार मंडळी. तीन-चार वर्षं नुसताच वाचतोय इथे, पहिल्यांदाच धागा काढतोय, सांभाळून घ्या.

माझ्याकडे दोन हंबकरवाली (म्हणजे दुहेरी कॉइलच्या पिकअपवाली, पिकअप म्हणजे तारेचं कंपन विजेत बदलणारा भाग) साधी इलेक्ट्रिक गिटार आहे, दोन व्हॉल्यूम दोन टोन, आठ वर्षं वाजवतोय आणि जीव आहे तिच्यावर. गळ्याकडचा पिकअप दोन वर्षांपूर्वी सेमोर डंकन कंपनीचा बसवला आणि या दिवाळीला बोनस आला त्यातून ब्रिजला, म्हणजे तारा जिथे अडकवतात त्या टोकाला, डिमार्झिओ कंपनीचा घेतला. दुसरी गिटार सध्या बजेटमधे बसत नाही, म्हणून म्हटलं आहे त्याच गिटारीतून निघतील तेवढे वेगळे आवाज काढू. दोन्ही टोनचे पॉट (बटणाखालचे फिरते रेझिस्टर) बदलून पुश-पुल टाकून घेतले, म्हणजे ओढले-दाबले की स्विचचंही काम करणारे. एक ओढला की दोन्ही हंबकर स्प्लिट होतात, म्हणजे प्रत्येकाची एकच कॉइल वाजते. दुसरा ओढला की गळ्याच्या पिकअपची फेज उलटते, म्हणजे त्याचा सिग्नल उलटा होतो. काम ओळखीच्या एका कारागिराकडून करून घेतलं, डाग अगदी नेटके दिलेत त्याने.

आता प्रश्न असा की एवढ्या सगळ्या जोडण्यांमधून तुम्ही लोक खरोखर कोणत्या वाजवता? आणि सिरीज-पॅरललचा स्विच अजून टाकावा का? माझ्या ओळखीतले दोघं दोन टोकाची मतं देतात.

अजून एक बारीकशी तक्रार, ब्रिजचा आवाज काही भरत नाहीये. जाड आवाजाचा म्हणून हा पिकअप घेतला होता, पण डिस्टॉर्शन लावलं की पत्र्यावर खडे ओतल्यासारखं वाटतं. अँपचं असेल बहुतेक, छोटा आहे माझा.

राळ_आणि_कथील

स्वागत आहे. आवडीचा विषय काढलात, आता मी थांबणार नाही.

हंबकर म्हणजे शेजारी शेजारी दोन कॉइल. एकीचं मॅग्नेटचं टोक उत्तर तर दुसरीचं दक्षिण, आणि गुंडाळीही एकमेकींच्या उलट. तारेचा आवाज दोन्हीत मिळून वाढतो आणि बाहेरून येणारी लाइटची गुणगुण एकमेकींना खाऊन टाकते. गिब्सनच्या सेथ लव्हरने १९५५ ला याच्या पेटंटचा अर्ज केला, पेटंट मिळालं १९५९ ला, आणि मधल्या काळातल्या पिकअपच्या पाठीवर 'पेटंट अप्लाइड फॉर' असं स्टिकर असायचं, त्यालाच लोक पीएएफ म्हणतात.

नेहमीचा हंबकर सिरीजमधे असतो, एका कॉइलमधून निघालेला करंट दुसरीतून जातो. इंडक्टन्स वाढतो, रेझोनन्स खाली सरकतो, आवाज जाड आणि मोठा. त्याच दोन कॉइल पॅरलल जोडल्या की इंडक्टन्स एकट्या कॉइलच्याही साधारण निम्मा होतो, आवाज उजळतो, थोडा लहान होतो, पण गुणगुण तरीही मरते. हा मुद्दा लक्षात घ्या. स्प्लिट केलं की एक कॉइल बंद, मग गुणगुण मारायला कोणी उरत नाही.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे, स्प्लिटपेक्षा पॅरलल. आपल्या घरांमधे पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, एलईडीचे स्वस्त ड्रायव्हर, मिक्सर, सगळं एकाच लायनीवर. स्प्लिटवर हळूच वाजवायला बसलात आणि कोणी पंखा तीनवर केला की संपलं.

नुसतीच_तार

मी जरा वेगळं बोलतो, राग मानू नका. पंधरा वर्षांत मी पण सगळे स्विच लावून पाहिले आणि शेवटी सगळे काढून टाकले. आता एक व्हॉल्यूम, एक टोन.

आवाज भरत नसेल तर आधी पिकअपची उंची बघा ना. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून धरा, तार आणि पिकअपमधे ब्रिजला दोनेक मिलिमीटर अंतर असावं, तिथून पाव-पाव फेरा स्क्रू फिरवत कानाने ठरवा. फुकटचं काम आहे. बाकी अर्धा आवाज पिक कुठे मारता त्यात आहे, ब्रिजपासून दोन बोटं पुढे सरका आणि बघा.

काजवा

@नुसतीच_तार उंचीबद्दल एकशे एक टक्के सहमत, पण स्विच काढून टाकण्याबद्दल नाही. हाताने टोन बदलतो हे खरं, पण सिरीजमधली दोन सिंगल कॉइल जे करतात ते हाताने होत नाही.

माझी स्ट्रॅट आहे, फेंडर कंपनीची स्ट्रॅटोकास्टर, एकेका कॉइलच्या पिकअपवाली. तीन पिकअप म्हणजे हिशेबाने सात जोड्या होतात, तीन एकेकटे, तीन दोन-दोनच्या आणि एक तिन्ही मिळून. पाच-वे, म्हणजे पाच जागांचा स्विच त्यातल्या पाच देतो. १९५४ ला स्ट्रॅट आली तेव्हा तर तीनच मिळायच्या कारण स्विच तीन-वे होता, लोक तो दोन खाचांच्या मधे अडकवून ठेवायचे आणि त्यातून तो कुर्रेबाज मधला आवाज काढायचे. फेंडरने स्वतःहून पाच-वे दिला तो १९७७ ला. उरलेल्या दोन जोड्या, म्हणजे गळा अधिक ब्रिज आणि तिन्ही एकत्र, त्यासाठी गळ्याचा पिकअप कधीही चालू करणारा एक छोटा टॉगल पुरतो. पिंक फ्लॉइडच्या डेव्हिड गिल्मरच्या काळ्या स्ट्रॅटवर तो होता म्हणून त्याच्या नावाने ओळखतात.

मी तो २०२१ च्या पावसाळ्यात घरीच केला. आईच्या पोळपाटावर जुना टॉवेल पसरून गिटार पालथी घातली आणि पिकगार्ड उघडलं तर आत एवढीशी जागा आणि वायरींचा गुंता. पहिल्यांदा पॉटच्या पाठीवर डाग धरेना, कथील नुसतं गोळी होऊन घरंगळायचं. सोल्डरिंगच्या पंचवीस वॅटच्या इस्त्रीने पॉटची पाठ तापतच नव्हती. मग पाठ पॉलिश पेपरने घासली, आधी पाठीवर थोडं कथील पसरून घेतलं, वायरीच्या टोकालाही वेगळं लावलं, आणि मग दोन्ही टेकवल्याबरोबर बसलं. हे कोणी आधी सांगितलं असतं तर माझे दोन तास वाचले असते, म्हणून लिहून ठेवतेय.

गळा अधिक ब्रिज क्लीनला वाजवून बघा एकदा कोणी. फेंडरच्याच टेलिकास्टरच्या मधल्या आवाजाच्या अगदी जवळ जातं.

पडघम

स्ट्रॅटच्या पाच-वे स्विचची दोन आणि चार नंबरची पोझिशन म्हणजे आउट ऑफ फेज ना? सगळे तसंच म्हणतात.

काजवा

म्हणतात खरं पण तसं नाहीये. दोन्ही पिकअप एकाच फेजमधे आणि पॅरलल असतात. तारेच्या दोन वेगवेगळ्या जागा एकाच वेळी ऐकल्यामुळे काही सूर एकमेकांत कमी होतात, त्याने तो पोकळ आवाज येतो. खरंच उलट्या फेजमधे लावलेत तर ओळखायला कान लागत नाही, खालचे सगळे स्वर गायब, सर्दी झालेल्या माणसाने फोनवरून गावं तसं.

एडिसनकर

आणि तो सर्दीचा आवाजच काहींनी सोनं करून दाखवला. फ्लीटवूड मॅकच्या पीटर ग्रीनची १९५९ ची गिब्सन लेस पॉल, तिच्या गळ्याच्या पिकअपचं मॅग्नेट उलटं होतं म्हणून मधल्या पोझिशनला दोन्ही पिकअप उलट्या फेजमधे. पुढे ती गॅरी मूरकडे गेली, आता मेटॅलिकाच्या कर्क हॅमेटकडे आहे. @तिसरी_फ्रेट, तुमच्याकडे फेजचा स्विच आहेच तर एक करून बघा, मधल्या पोझिशनला फेज उलटी करून गळ्याचा व्हॉल्यूम दहावरून सात-आठवर आणा. दोन्ही सारख्या जोरात असले की एकमेकांना फार खातात, एक थोडा कमी केला की अंग परत येतं. फेजचा स्विच वाईट म्हणणारे बहुतेक दोन्ही व्हॉल्यूम फुल ठेवून ऐकतात.

अजून एक उदाहरण द्यायचा मोह होतोय. आपल्या पाचगणीला शाळेत शिकलेल्या फ्रेडी मर्क्युरीच्या क्वीनमधला ब्रायन मे. त्याने १९६३ पासून वडिलांबरोबर घरी गिटार बनवली, गळ्याचं लाकूड जुन्या शेकोटीच्या चौकटीचं. तीन बर्न्स ट्राय-सॉनिक सिंगल कॉइल, तिन्ही सिरीजमधे, आणि प्रत्येकाला स्वतःचा चालू-बंद आणि स्वतःचा फेजचा स्विच. सहा स्विच! पिकअप शिट्टी मारू नयेत म्हणून त्यात अरल्डाइट ओतलं होतं. सिरीज आणि उलटी फेज एकत्र आली की आवाज बारीक तर होतो पण जोर टिकतो, पॅरललमधे उलट्या फेजचा आवाज फारच लहान होतो. हा फरक कागदावर कळत नाही, ऐकायलाच हवा.

गिरगावचा_आप्पा

मुलांनो, छान चाललंय. मी १९८२ ते ९५ ऑर्केस्ट्रात वाजवत होतो. काजवाबाई म्हणतात तो तीन-वे स्विच अडकवण्याचा प्रकार आम्हीही करायचो, फक्त स्टेजवर ढोलकीच्या दणक्याने तो सरकून जायचा. आमच्या एका साथीदाराने स्विचच्या फटीत आगकाडीचं टोक कापून बसवलं होतं, अख्खा सीझन तेवढ्यावर निघाला. ब्रिजचा एकटा आवाज मात्र तेवढ्या सीझनपुरता गेला.

मला वायरिंगबद्दल दुसरंच सांगायचंय आणि ते आवाजापेक्षा महत्त्वाचं आहे. गणपतीत सांगलीकडे एका मंडपात कार्यक्रम होता. पाऊस पडून गेलेला, खाली ओलं पटांगण, वर फळ्या. मी डावा हात तारांवर ठेवून कोरससाठी माइकपाशी तोंड नेलं आणि ओठांना असा झटका बसला की दोन पावलं मागे फेकला गेलो, चव गेली तोंडाची रात्रभर. मंडपातल्या सॉकेटला अर्थिंग नव्हतंच. गिटारच्या तारा ब्रिजमधून अँपच्या अर्थला जोडलेल्या असतात, तारांना हात लावला की गुणगुण कमी होते ती त्यामुळेच. पण अर्थच खोटा असेल तर तीच तार तुमच्या अंगातून वाट शोधते. तेव्हापासून मी बॅगेत टेस्टर ठेवतो आणि माइकला आधी हाताच्या मागच्या बाजूने स्पर्श करून बघतो. ब्रिजची वायर काढून टाकणं हा त्यावरचा उपाय नाही, सॉकेट दुरुस्त करणं हाच आहे.

आता धाग्याच्या मालकांना प्रश्न. ब्रिज पिकअपवर गुणगुण आहे का हो? तारांना हात लावल्यावर जाते का?

मडगांवचो

आप्पांचा किस्सा वाचून अंगावर काटा आला. गोव्यात लग्नाच्या बँडमधे वाजवतो, पावसाळी लग्नात हीच भीती. आता अर्थिंग तपासल्याशिवाय केबल लावत नाही, बाकी सगळी जोडणी नंतर.

थोडं विषय सोडून, पण या पिकअप प्रकरणाची सुरुवात उभ्या गिटारपासून नाही तर मांडीवरच्या हवाईयन गिटारपासून झाली हे किती जणांना माहीत आहे? रिकनबॅकरची 'फ्राइंग पॅन', १९३१-३२ ची, जॉर्ज बोशँपचा पिकअप, घोड्याच्या नालेसारखी दोन मॅग्नेट तारांच्या वरून वळवलेली. आपल्याकडेही इलेक्ट्रिक गिटारची गोडी लागली ती व्हॅन शिपले, सुनील गांगुली यांच्या हवाईयन गिटारवरच्या चित्रपटगीतांनी. आमच्या पप्पांकडे त्या रेकॉर्ड होत्या. एकच पिकअप, एक व्हॉल्यूम, एक टोन. नुसतीच_तार यांचा पक्ष तिथे जिंकतो.

पडघम

आणि कोरल सितारचं विसरू नका, सितारीसारखा आवाज देणारी इलेक्ट्रिक गिटार. १९६७ ला डॅनइलेक्ट्रोवाल्यांनी काढली, तीन लिपस्टिक पिकअप, त्यातला एक तरफेच्या, म्हणजे न छेडता आपोआप गुंजणाऱ्या तारांसाठी वेगळा. लिपस्टिक नाव का तर खरोखर लिपस्टिकच्या नळ्यांत बसवायचे म्हणून. डॅनइलेक्ट्रोच्या दोन पिकअपवाल्या गिटारी मधल्या पोझिशनला सिरीजमधे असतात, त्यामुळे मधे आलं की आवाज एकदम चढतो. धागा भरकटवल्याबद्दल क्षमस्व.

तिसरी_फ्रेट

बापरे, एवढे प्रतिसाद! सगळ्यांचे आभार, ऑफिसात चोरून वाचत होतो.

@नुसतीच_तार, काल रात्री उंची बघितली, अडीच होती ती दोन केली. थोडा जोर वाढला पण खड्यांचा आवाज तसाच.

@आप्पा, हो, ब्रिजवर गुणगुण आहे, जुना पिकअप होता त्यापेक्षा नक्की जास्त. तारांना हात लावला की थोडी कमी होते, पूर्ण जात नाही. गळ्याचा पिकअप एकदम शांत आहे. मधल्या पोझिशनला गळ्याचा आवाज येतो आणि वर ब्रिजची गुणगुण.

@एडिसनकर, फेजचं करून बघितलं, फारसा फरक कळला नाही खरं सांगायचं तर.

गंमत म्हणजे ब्रिज स्प्लिट केला की जास्त बरा वाटतो, थोडा भरीवसुद्धा. त्यामुळे सध्या ब्रिज स्प्लिटवरच वाजवतोय.

एडिसनकर

गुणगुणीवरून आठवलं. भारतात लाइट ५० हर्ट्झची, इथे अमेरिकेत ६० ची. ५० म्हणजे पेटीची जवळजवळ पांढरी पाच, आणि ६० पडते काळी पाच आणि पांढरी सातच्या मधे. नाशिकला घरी सुट्टीत आलो की माझ्या टेलिकास्टरची गुणगुण निदान सुरात असते, इथे ती कुठल्याच गाण्यात बसत नाही. गावाची ओढ कशाकशाने लागते बघा.

काजवा

थांबा थांबा. तिसरी_फ्रेट यांचं शेवटचं वाक्य कोणी नीट वाचलं का?

स्प्लिट केल्यावर ब्रिज *जास्त* भरीव? एक कॉइल कमी केल्यावर आवाज जाड कसा होईल? उलट व्हायला हवं. आणि फुल हंबकर असताना गुणगुण जास्त, हेही उलट. मला वाटतं त्या पिकअपच्या दोन कॉइल एकमेकींशी भांडतायत. फेजचा स्विच लावून फरक कळला नाही हेही त्यातच बसतं, ब्रिजचा तारेचा आवाज इतका लहान झालाय की गळ्याच्या आवाजातून वजा करायला काही उरतच नाहीये.

राळ_आणि_कथील

काजवा, मानलं तुम्हाला. मी तो प्रतिसाद दोनदा वाचला आणि माझ्या हातून निसटलं.

तिसरी_फ्रेट, मल्टीमीटर आहे का घरी? गिटारला केबल लावा, दुसरं टोक मोकळं ठेवा, ब्रिज पिकअप निवडा, व्हॉल्यूम फुल, दोन्ही पुश-पुल खाली. मीटर २० किलोओहमवर ठेवून टोक आणि बाहेरचा भाग यात काय आकडा येतो सांगा.

तिसरी_फ्रेट

आहे मीटर. ब्रिज १२.७ येतोय. खोक्यावर १३.१ लिहिलं होतं. स्प्लिट करून ६.४. गळा ८ च्या आसपास.

नुसतीच_तार

मग पिकअप ठीकच आहे की. चारशे ओहम कमी आलेत ते व्हॉल्यूमचा ५०० केचा पॉट पॅरललमधे मोजला जातो म्हणून. दोन्ही कॉइल जिवंत आहेत. मी म्हणतो अँपच.

राळ_आणि_कथील

@नुसतीच_तार, पॉटचं बरोबर, निष्कर्ष मात्र पटत नाही. दोन्ही कॉइल जिवंत आहेत एवढंच त्या आकड्यातून कळतं. ओहमला दिशा नसते. कॉइल उलटी लावली तरी साडेसहा आणि साडेसहा तेरा. भावाभावांनी बैलगाडी दोन बाजूंनी ओढली तरी बैल दोनच मोजले जातात तसं.

आता दिशेची परीक्षा. मीटर तसंच राहू दे. लोखंडी स्क्रू-ड्रायव्हर घ्या, त्याचा दांडा आडवा करून ब्रिज पिकअपच्या फक्त स्क्रूंच्या रांगेवर टेकवा. आकडा स्थिर होऊ दे. मग झटक्यात वर उचला. आकडा क्षणभर वर उडतो की खाली पडतो ते बघा. तीन-चार वेळा करा, खात्री झाली की लिहून ठेवा. मग तेच दुसऱ्या रांगेवर, जिथे स्क्रू नाहीत तिथे. धड हंबकरमधे दोन्ही रांगांना आकडा एकाच दिशेला गेला पाहिजे. एक वर आणि एक खाली गेला तर दोन कॉइल उलट्या फेजमधे.

आणि मागचं झाकण उघडून सांगा, ब्रिजमधून येणाऱ्या चार रंगीत वायरींपैकी कोणती कुठे गेलीय.

मडगांवचो

आता झोप येणार नाही मला. लवकर उघड रे बाबा.

गिरगावचा_आप्पा

उघडताना अँपचं पिन काढून ठेव हो.

तिसरी_फ्रेट

रविवार सत्कारणी लागला. आप्पा, पिन काढूनच बसलो होतो.

स्क्रूंच्या रांगेवरून उचलला की आकडा वर. पाच वेळा केलं, पाचही वेळा वर. दुसऱ्या रांगेवरून उचलला की खाली. पाचही वेळा खाली. बायको शेजारी बसून आकडे लिहीत होती, तिलाही कळलं की हे बरोबर नाही.

झाकणाच्या आत: ब्रिजची काळी वायर व्हॉल्यूमला गेलीय, लाल आणि पांढरी एकत्र डाग देऊन स्प्लिटच्या पुश-पुलला, हिरवी आणि उघडी तार पॉटच्या पाठीवर. गळ्याचंही रंगांनी अगदी तसंच आहे, फक्त काळी आणि हिरवी फेजच्या पुश-पुलमधून गेलीय.

राळ_आणि_कथील

सापडलं! गळ्याचंही तसंच आहे यातच सगळं आलं.

काळी हॉट (म्हणजे आवाज बाहेर नेणारी), लाल-पांढरी एकत्र, हिरवी अर्थ ही सेमोर डंकनची रीत. डिमार्झिओत लाल हॉट असते, काळी आणि पांढरी एकत्र, हिरवी अर्थ. रंग तेच पण काम वेगळं. कारागिराने गळ्याचं बघून ब्रिज जोडला, डाग नेटके दिले, पण एका कॉइलची दोन टोकं उलटी झाली. तारेचा आवाज एकमेकांत वजा व्हायला लागला आणि गुणगुण जी वजा व्हायला हवी ती बेरीज होऊ लागली. हंबकर उलटा केला की तो गुणगुण मारत नाही, गोळा करतो. आणि स्प्लिट केलं की भांडणारी एक कॉइल बाजूला होते, म्हणून ते बरं वाटत होतं.

करायचं एवढंच: काळी आणि लाल यांची अदलाबदल. बाकी कशाला हात लावू नका. नंतर स्क्रू-ड्रायव्हरची परीक्षा पुन्हा करा, दोन्ही रांगा एकाच दिशेला आल्या पाहिजेत. त्यानंतर गळ्याच्या पिकअपवरही करा, फेजचा स्विच खाली असताना तोही त्याच दिशेला आला पाहिजे. दोन कंपन्यांचे पिकअप एकत्र असले की हे गृहीत धरू नये, दोन मिनिटांचं काम आहे.

नुसतीच_तार

माझं अँपचं निदान चुकलं, मान्य. ओहमला दिशा नसते हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलंय.

काजवा

लाल वायर सोडवताना पुश-पुलच्या पायावर जास्त वेळ इस्त्री धरू नका, आतलं प्लास्टिक मऊ होऊन पाय हलायला लागतो. दोन-तीन सेकंद, नाही सुटलं तर थांबा, थंड होऊ द्या, पुन्हा. थोडं नवीन कथील वर लावलं तर जुनं पटकन वितळतं.

तिसरी_फ्रेट

झालं!!

शेजारच्या काकांची सोल्ड्रॉन कंपनीची सोल्डरिंगची इस्त्री आणली. हात थरथरत होता पण काजवाताईंनी सांगितलं तसं आधी नवीन कथील लावलं आणि लाल वायर लोण्यासारखी सुटली. अदलाबदल केली, परीक्षा केली, स्क्रूंची रांग वर, दुसरी रांगही वर, गळाही वर.

मग अँप लावला. ब्रिज फुल. आधी तर वाटलं केबल लागलीच नाही, कारण गुणगुणच नव्हती. आणि मग ई पॉवर कॉर्ड मारला. काय सांगू, खिडकीच्या काचेला हादरा बसला आणि कपाटावरची स्टीलची डबी वाजायला लागली. आठ वर्षांत या गिटारचा असा आवाज ऐकला नव्हता. दहा मिनिटं नुसता तोच एक कॉर्ड वाजवत बसलो. एडिसनकर, मधल्या पोझिशनला फेज उलटी करून गळा सातवर ठेवला, आता कळलं तुम्ही काय म्हणत होतात. त्या दोन व्हॉल्यूमच्या मधेच चार-पाच वेगळे आवाज आहेत.

त्या कारागिराला फोन करून रंगांचं सांगितलं, त्याने लगेच लिहून घेतलं.

आता मूळ प्रश्नावर या ना प्लीज, काय ठेवू?

एडिसनकर

अभिनंदन! माझं मत, फेज ठेवा. महिन्यातून एकदाच वापराल पण त्या दिवशी दुसरं काही चालणार नाही.

नुसतीच_तार

माझ्या मते तिन्ही पोझिशन फुल हंबकर, बाकी काही नाही. पण तुमच्याकडे आहेच तर मधल्या पोझिशनला दोन्ही स्प्लिट ठेवा, क्लीन स्ट्रमिंगला गोड लागतं. काही वेळा दोन्ही पिकअपच्या मॅग्नेटच्या वेगवेगळ्या टोकाच्या कॉइल चालू राहतात आणि मग तिथे गुणगुणही मरते. ते मात्र तुमच्या स्क्रू-ड्रायव्हरने नाही, कानाने ठरेल.

राळ_आणि_कथील

मी पहिल्या प्रतिसादावर ठाम आहे, ब्रिजला स्प्लिटच्या जागी सिरीज-पॅरलल. सहा पाय असलेला एक पुश-पुल एका पिकअपला पुरतो. आणि स्प्लिट ठेवायचंच असेल तर कॉइल पूर्ण अर्थ करण्याऐवजी मधे दोनेक हजार ओहमचा रेझिस्टर टाका. दुसरी कॉइल पूर्ण झोपत नाही, आवाज एकदम पडत नाही. एक रुपयाचा भाग आहे.

तिसरी_फ्रेट

आठवडाभर रोज वाजवून ठरवलं. फेज राहतेय. स्प्लिट फक्त गळ्याला, रेझिस्टर टाकून. ब्रिजला पॅरलल, त्यासाठी एका व्हॉल्यूमचा पॉट पुश-पुल करावा लागेल, तो यावेळी मीच बसवणार. काल दोन वायरी तात्पुरत्या पिळून पॅरलल ऐकलं, पंखा तीनवर असताना. शांत. राळकाका, तुमचं बरोबर होतं.

काजवा

मस्त! एक करा, झाकण बंद करण्याआधी कुठल्या रंगाची वायर कुठे गेलीय याचा छोटा नकाशा काढून झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवा. पिकअपची कंपनी पण लिहा. पाच वर्षांनी उघडाल तेव्हा तुम्हाला आठवणार नाही, आणि तुम्ही नसाल तर उघडणाऱ्याला तर मुळीच नाही.

तिसरी_फ्रेट

चिकटवला. बायकोचं अक्षर चांगलं म्हणून तिच्याकडून लिहून घेतला. 'गळा: काळी हॉट. ब्रिज: लाल हॉट.' खाली तारीख आणि लाल शाईने दोन रेघा.